मुलगा जावाच्या खेड्यात जागा घेऊन घर बांधायचं म्हणतोय. जमीन त्याच्या नावावर होईल का, आणि तिथं राहणं सुरक्षित आहे का?

ताई, तुमचा प्रश्न परवाच वाचलेला, पण चार ओळीत उरकण्यासारखा नव्हता म्हणून आज सवडीनं लिहितोय. मुलगा इंडोनेशियातल्या जावा बेटावर सोलो शहरात नोकरीला, क्लातेन जिल्ह्यातल्या मुलीशी लग्न ठरलंय, शहरात भाडं भरण्यापेक्षा तिच्या गावात घर बांधतो म्हणतोय, आणि तुम्हाला घोर लागलाय की जागा कुणाच्या नावावर, परक्या गावात पोरगं एकटं पडेल का, चोऱ्या, भूकंप, ज्वालामुखी. मी मूळचा इचलकरंजीचा, सोलोजवळच्या एका कापड गिरणीत आलो आणि गेली अकरा वर्षं क्लातेनमध्येच बायकोच्या गावात राहतोय, त्यामुळं हे सगळं मी स्वतः करून बसलोय.

आधी जमिनीचं, कारण पैसे तिथंच बुडतात. गावात जशी जागा लोक घेतात तशी ती त्याच्या नावावर होणार नाही. इंडोनेशियात १९६० चा जमीन कायदा आहे, त्यात पूर्ण मालकी, ज्याला 'हाक मिलिक' म्हणतात, ती फक्त तिथल्या नागरिकाला. परदेशी माणसाला ठराविक मुदतीचा वापरायचा हक्क मिळतो, 'हाक पाकाई', पण गावातल्या एवढ्याशा प्लॉटसाठी त्या वाटेला सहसा कुणी जात नाही. मग हमखास कुणीतरी भेटतो जो सांगतो की जागा माझ्या नावावर घेऊ, आपल्यात आतून एक कागद करू, खरा मालक तूच. लग्नाआधी मलाही एक एजंट असाच भेटला, विसार दिला, तो परत आला नाही, वर्षभराची बचत होती ती. नंतर कळलं की त्याच कायद्याच्या २६ व्या कलमात लिहिलंय, असा आडून केलेला व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. मुलाला हे आजच फोन करून सांगा.

राहिली बायको. तिच्या नावावर घेता येते, पण इथं एक मेख आहे जी आपल्या लोकांना कुणी सांगत नाही. लग्नानंतर घेतलेली मालमत्ता तिथं दोघांची सामाईक धरतात, आणि अर्धा वाटा परदेशी नवऱ्याचा झाला की बायकोचाही मालकी हक्क अडचणीत येतो. म्हणून मालमत्ता वेगळी ठेवायचा करार नोटरीकडं करायचा, बोलताना सगळे त्याला 'पिसाह हार्ता' म्हणतात. पूर्वी तो लग्नाआधीच करावा लागायचा, २०१६ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं लग्नानंतरही चालेल म्हणून निकाल दिला. तरी माझं ऐका, आधीच करून टाका, मुलीच्या घरी हा विषय काढायला अवघड वाटेल, आपल्यावर विश्वास नाही असं त्यांना वाटेल म्हणून मुलगा टाळेल, पण तो करार तिच्याच भल्यासाठी आहे हे नीट समजावून सांगितलं की मंडळी ऐकतात, माझ्या सासऱ्यांनी तर ऐकल्यावर स्वतः येऊन नोटरीचं ऑफिस दाखवलं. आणि उद्या देव न करो बायको आधी गेली, तर वारसानं आलेली पूर्ण मालकीची जमीन त्याला एका वर्षात विकावी किंवा दुसऱ्याच्या नावावर करावी लागते. मुलं झाली की त्यांचं वेगळं, ती तिथली नागरिक असतील तर त्यांच्या नावावर राहू शकते.

जागा बघताना दोन गोष्टी. एक, ती भातखाचर नको. 'सावाह' म्हणजे पाण्याखालचं भातशेत, त्यावर घर बांधायला सहजासहजी परवानगी मिळत नाही आणि स्वस्त मिळते म्हणून लोक फसतात. घरांसाठी राखलेली, ज्याला ते पिवळा झोन म्हणतात, तीच घ्या. दुसरं, कागद. बऱ्याच गावांत अजून 'लेटर सी' नावाच्या जुन्या वहीतल्या नोंदीवर व्यवहार होतात, ती मुळात शेतसाऱ्याची नोंद, आपण नुसत्या सातबाऱ्यावर विसंबतो ना तसंच काहीसं, मालकीचा पक्का पुरावा नव्हे, आणि २०२१ च्या नियमानं या जुन्या कागदांना पाचच वर्षांची मुदत दिलेली. सर्टिफिकेट झालेलीच जागा घ्या आणि विसार द्यायच्या आधी त्या सर्टिफिकेटची जमीन कार्यालयात तपासणी करून घ्या. विकणाऱ्याची भावंडं किती, सगळ्यांच्या सह्या आहेत का, हेही बघा, वाटणी न झालेल्या जमिनीची भांडणं तिकडंही आपल्यासारखीच.

गावाकडची बरीच जमीन वेगळ्याच पद्धतीनं चालते हेही त्याला माहीत असू दे. गावच्या कारभाऱ्यांना पगाराच्या जागी कसायला दिलेली जमीन असते, 'बेंगकोक', आपल्याकडच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनासारखी, ती विकत मिळत नाही, कुणी विकतो म्हणाला तर उठून यायचं. आणि शेत अर्ध्या वाट्यानं लावायची रीत आहे, तिला 'मारो' म्हणतात. सासऱ्यांचं शेत असंच दुसऱ्याकडं आहे, सुगीला भात मोजून अर्धं दारात येतं.

आता सुरक्षितपणाचं. आमच्या चौकटीला बाहेरून एक प्लॅस्टिकचा पाण्याचा कप खिळ्यानं ठोकलाय, त्यात रोज संध्याकाळी बायको ५०० रुपियाचं एक नाणं टाकते. याला 'जिम्पितान' म्हणतात, जिम्पित म्हणजे चिमूट, पूर्वी चिमूटभर तांदूळ ठेवायचे. रात्री गस्तीवाले येऊन सगळ्या घरांचे कप रिकामे करतात, तो पैसा गल्लीच्या कामाला, कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, दिवा बदलायचा, त्याला. या गस्तीला 'रोंदा' म्हणतात आणि प्रत्येक घरातल्या पुरुषाची पाळी असते. माझी गुरुवारची. रात्री अकराला चौकीत जमायचं, खांद्यावर लुंगी गुंडाळून, शेंगा उकडलेल्या, आणि तो चहा, त्याला 'नासगितेल' म्हणतात, गरम-गोड-दाट, बिनदुधाचा पण दाट कसा लागतो ते प्यायल्यावरच कळतं.

तीनेक वर्षांपूर्वी एका रात्री आम्ही फिरत होतो आणि एका म्हातारीच्या घरचा कप रिकामा होता. एकटी राहायची, मुलगा जकार्ताला. मी म्हटलं विसरली असेल, पुढं चला. आमच्यातला सगळ्यात वयस्कर माणूस म्हणाला, या घरचा कप कधीच रिकामा नसतो, आणि त्यानं दार वाजवलं. आतून नुसता कण्हल्याचा आवाज. ताप चढून दोन दिवस पडून होती. शेजारच्याचा पिकअप काढला आणि सरकारी दवाखान्यात नेली, वाचली. तोवर मला ती नाणी म्हणजे वर्गणी वाटायची, त्या रात्रीपासून मी घरातून निघताना आधी आमच्या कपात हात घालून बघतो.

चौकीत इशारा द्यायला ठोकून वाजवायची लाकडाची एक पोकळ 'केंतोंगान' टांगलेली असते, ठोके ठरलेले, दोन-दोन म्हणजे चोर, तीन-तीन म्हणजे आग, चार-चार म्हणजे नैसर्गिक संकट. चोऱ्या होतात, खोटं कशाला सांगू. मोटरसायकली, गॅसच्या छोट्या टाक्या, आणि ऐकून नवल वाटेल पण पिंजऱ्यातले गाणारे पक्षी, चांगल्या पक्ष्याला तिथं मोठी किंमत येते. पण एक गोष्ट मला आजही सहन होत नाही, चोर सापडला की जमाव त्याला जीव जाईपर्यंत मारू शकतो. मुलाला सांगा, अशा वेळी पुढं व्हायचं नाही, सरळ गावच्या पोलिसाला फोन लावायचा, एक पोलिस प्रत्येक गावाला नेमलेला असतो, त्याचा नंबर पहिल्याच आठवड्यात घ्यायचा.

जीवाला खरा धोका माणसांपेक्षा इतर गोष्टींचा जास्त. रस्त्यावर मोटरसायकलचा. शेतात विजेचा, सोलोच्या पलीकडं स्रागेन जिल्ह्यात उंदरांसाठी बांधावर विजेची तार लावतात आणि तिला चिकटून शेतकरीच मेलेत, कितीतरी, म्हणून अंधारात अनोळखी बांधावरून जायचं नाही. आणि जमिनीच्या पोटातला. २७ मे २००६ ला पहाटे सहाच्या आत भूकंप झाला, ५,७०० च्या वर माणसं गेली, बांतुल जिल्हा आणि आमचं क्लातेन, त्यातही गांतिवार्नो नि वेदीकडचा भाग, सगळ्यात वाईट. बायकोचं घर बिनसळईच्या विटांचं होतं, बसलं. सासरे शेतात होते म्हणून वाचले. म्हणून घर बांधताना टाइल्सवर, सिलिंगवर खर्च करू नका, कोपऱ्यांचे कॉलम, वरचा बीम, सळईचे जोड यावर करा आणि ओतताना मुलगा स्वतः उभा राहू दे.

मेरापी ज्वालामुखीपासून मुलीचं गाव किती लांब ते विचारा. २०१० च्या उद्रेकात साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली. उद्रेकात आसरा घ्यायला वरच्या गावांनी खालची जोडीची गावं ठरवून ठेवलीत, बालेरांतेच्या लोकांनी केबोनदालेम लोरला उतरायचं असं आधीच पक्कं. डोंगरावरून येणाऱ्या नदीच्या काठावर जागा मात्र घेऊ नका, पावसात राख-दगडाचा लोंढा तिथूनच येतो.

एकटा पडेल का विचारलंत. तिथं तीस-चाळीस घरांची मिळून एक 'एर्ते' असते, तिचा प्रमुख 'पाक एर्ते', कुणी पाहुणा चोवीस तासांवर राहिला तरी त्याला कळवायचं. बाहेरच्या माणसाला हे पाळत ठेवल्यासारखं वाटतं, मलाही वर्षभर जाच वाटला. पण लग्नाच्या आदल्या दिवशी बघाल, गल्लीतल्या बायका न बोलावता तुमच्या चुलीपाशी येऊन बसतील, कांदा-लसूण सोलायला, तुम्हालाही सुरी देतील, घ्या आणि बसा त्यांच्यात.

तर मुलाला म्हणावं, जागा बघायला जायच्या आधी सासऱ्यांबरोबर पाक एर्तेकडं जा, पासपोर्टची झेरॉक्स दे, आणि रोंदाची पाळी कोणत्या वारी ते स्वतःहून विचार.