अपघातच होत नसतील, तर नोकरी कुठली?

बोईसरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते लिहितात: ‘तारापूर एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कारखान्यात मी फिटर आहे. वेल्डिंगच्या जॉइंटमधून किरण सोडून ते तपासायला रात्रपाळीत रेडिओग्राफीवाले येतात आणि दोरी बांधून आम्हाला लांब करतात. घरी हे सांगितल्यावर मुलीनं विचारलं, तो किरण सोडणारा सोर्स कुणाच्या हाती लागला तर? मग दिल्लीच्या मायापुरीचं प्रकरण तिनं वाचून काढलं. आता म्हणते, रेडिएशननं इजा झालेल्यांसाठी औषध शोधायचंय. ती अकरावीला आहे, पीसीएमबी घेतलंय, पण गणित सोडते म्हणते. असं शिक्षण असतं का? तिलाच रेडिएशन लागणार नाही ना? आणि असे अपघात क्वचितच होतात, मग नोकरी कोण देणार?’

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात नेमका आहे, म्हणून आधी तोच घेतो.

एप्रिल 2010 मध्ये मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-60 हा किरणोत्सारी धातू सापडला. दिल्ली विद्यापीठातलं वर्षानुवर्षं पडून असलेलं एक यंत्र लिलावात भंगारात गेलं होतं, त्यातला. एक कामगार दगावला, बाकीचे कित्येक दिवस रुग्णालयात होते. चेर्नोबिलला 1986 मध्ये 134 जणांना तीव्र किरणोत्सार-आजार झाल्याचं निदान झालं आणि त्यातले 28 जण पहिल्या काही महिन्यांत गेले. जगातला सगळ्यात मोठा अणुअपघात, आणि आकडा इतका. एवढ्या रुग्णांवर वैद्यकशास्त्राची शाखा चालत नाही, हा तुमचा हिशेब बरोबरच आहे.

पण किरणांची इजा झालेली माणसं तुम्हाला रोज दिसतील, परळला टाटा रुग्णालयाच्या बाहेर. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला साधारण 60 ते 70 ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) किरण देतात, आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे. सगळ्या अंगाला एकदम 4 ग्रेच्या आसपास मात्रा बसली आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसं दोन महिन्यांत दगावतात. किरणोपचारात रोज थोडे आणि गाठीपुरतेच किरण देतात, म्हणून रुग्ण ते सोसतो. तरी शेजारच्या निरोगी पेशी होरपळतातच. तोंड सोलवटतं, घास गिळवत नाही, लाळ आटते. काहींचा जबडा पुढे उघडेनासा होतो, काहींच्या जबड्याचं हाड वर्षा-दोन वर्षांनी कुजायला लागतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये गाठ जाते, पण काही बायकांना नंतर शौचावाटे रक्त पडत राहतं. आपल्याकडे तंबाखू, गुटखा आणि मशेरीनं या रुग्णांची रांग कमी होऊ दिलेली नाही. मुलीला हवं ते संशोधन बरंचसं याच रुग्णांसाठी चालतं, आणि अपघातग्रस्तांच्या औषधांचाही या वॉर्डाशी जवळचा संबंध आहे.

दोन औषधांची हकिकत सांगतो. फिलग्रास्टिम हे इंजेक्शन अमेरिकेत 1991 मध्ये मंजूर झालं ते केमोथेरपीनं पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णांसाठी. त्याच औषधाला 2015 मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं अणुदुर्घटनेत अस्थिमज्जा निकामी होऊ लागलेल्यांसाठीही मान्यता दिली. अमिफोस्टिनचा प्रवास उलटा. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करानं सैनिकांना अणुहल्ल्यातून वाचवण्यासाठी हजारो रसायनं तपासली, त्यातलं हे. सैनिकांच्या उपयोगी ते आलं नाही, कारण किरण लागण्याआधी शिरेतून द्यावं लागतं आणि त्यानं उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. 1999 पासून ते किरणोपचार घेणाऱ्या रुग्णांच्या लाळग्रंथी वाचवायला वापरलं जाऊ लागलं. (प्रशियन ब्लू हा चित्रकारांचा निळा रंग. ब्राझीलच्या गोयानियात 1987 मध्ये भंगारातून फुटलेलं किरणोत्सारी सीझियम-137 ज्यांच्या पोटात गेलं होतं, त्यांना तो औषध म्हणून दिला. आतड्यात तो सीझियमला धरून बाहेर काढतो. हे मुलीला सांगाच, या वयात असं काही डोक्यात बसलं की निघत नाही.)

आता एक अडचणीची गोष्ट. माणसांना मुद्दाम घातक किरण देऊन औषध तपासता येत नाही. म्हणून अमेरिकेनं या औषधांसाठी वेगळा नियमच केला: परिणाम प्राण्यांवर सिद्ध करा, माणसांवर फक्त सुरक्षितता दाखवा. फिलग्रास्टिमची 2015 ची मान्यता या नियमाखालीच आहे. म्हणजे प्रयोगशाळेत काम करायचं, तर बहुधा उंदीर आलेच. त्यांना किरण द्यायचे, ते कधी मरगळतात, किती जगतात ते रोज नोंदवायचं, शेवटी त्यांना मारून आतडं नि मज्जा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. नैतिक समितीची परवानगी लागते, वेदना कमी ठेवण्याचे नियम आहेत, तरी हात आपलेच असतात. हुशार मुली-मुलं इथे अडखळतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी ते कळण्यापेक्षा आत्ता विचार झालेला बरा.

शिक्षणाचं म्हणाल, तर ‘किरणइजा’ नावाची पदवी मला शोधायला सांगू नका. आधी पाया पक्का करायचा आणि मग या विषयाकडे वळायचं. तिला रुग्ण समोर हवा असेल, तर ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा देऊन एमबीबीएस, पुढे एम.डी. रेडिएशन ऑन्कॉलॉजी, म्हणजे कॅन्सरवरचे किरणोपचार. इंटर्नशिप धरून साडेआठ वर्षं, मधल्या प्रवेश परीक्षांची तयारी वेगळी. प्रयोगशाळा हवी असेल, तर बारावीनंतर आयसर ही केंद्राची विज्ञान संस्था, किंवा ‘नेस्ट’ प्रवेश परीक्षेतून भुवनेश्वरचं नायसर अथवा मुंबईत कलिना संकुलातलं सीईबीएस, याही तशाच विज्ञान संस्था. तिथे पाच वर्षांत एम.एस्सी. होते. त्यानंतर पीएच.डी.साठी टाटा रुग्णालयाचं खारघरचं संशोधन केंद्र ॲक्ट्रेक, ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र (बीएआरसी) किंवा दिल्लीत डीआरडीओ या संरक्षण संशोधन संघटनेची इनमास ही संस्था. इनमासमध्ये किरणांपासून बचाव करणाऱ्या औषधांवर अनेक वर्षं काम चालू आहे. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धरा. ‘नेट’ परीक्षेत जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासूनच्या दरानं सुरुवातीला महिना 37,000 रुपये आणि घरभाडं मिळतं, म्हणजे तिचा भार तुमच्यावर राहणार नाही. त्यानंतरची कायमची जागा मात्र चुरशीची असते, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

तिसरी वाट भौतिकशास्त्राची, आणि घरी कमावणारे एकटे तुम्हीच असाल तर माझा कल इकडे आहे. बी.एस्सी., एम.एस्सी. फिजिक्स, मग बीएआरसीचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा. यातून मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे रुग्णालयातला किरणांचा हिशेब ठेवणारा भौतिकतज्ज्ञ, होता येतं. किरणोपचाराचं यंत्र चालवणाऱ्या रुग्णालयाला तो ठेवावाच लागतो, अणुऊर्जा नियामक मंडळाचा (एईआरबी) नियमच आहे. डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा देताना कुठल्या अवयवाला किती किरण पोचतील, याचं गणित तो मांडतो. इजा झाल्यावर औषध शोधणं आणि इजा होऊच न देणं यात दुसरं काम मला तरी कमी मोलाचं वाटत नाही. म्हणून गणित सोडायचं नाही. जीवशास्त्राकडे गेली तरी मात्रेचे आलेख आणि संख्याशास्त्र सुटणार नाही.

तिला धोका किती? किरणांसोबत काम करणाऱ्यांना पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलिसिव्हर्टची (शरीराला लागलेले किरण मोजायचं एकक) मर्यादा आहे, कोणत्याही एका वर्षात 30 च्या वर नाही, आणि छातीवर लावायच्या, किरण मोजणाऱ्या टीएलडी बॅजवर त्याची नोंद होते. प्रयोगशाळेत किरण बंदिस्त यंत्रात असतात. बरंचसं काम तर रक्ताच्या नमुन्यावरच होतं. माणसाला किती मात्रा बसली ते कळायला त्याच्या पांढऱ्या पेशी दोन दिवस वाढवतात आणि तुटून चुकीच्या जोडल्या गेलेल्या गुणसूत्रांची मोजणी करतात, शेकडो पेशींमध्ये, एकेक करून. धोक्यापेक्षा कंटाळ्याची काळजी करा. रात्री दोरीच्या आसपास तुमचा वावर असतो, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दोरी ओलांडू नका, आणि जमिनीवर पडलेला अनोळखी धातूचा चकचकीत तुकडा कधीही उचलून खिशात टाकू नका.

तुमच्याकडे येणाऱ्या रेडिओग्राफीवाल्यांपैकी एखाद्याला रविवारी घरी बोलवा आणि मुलीला त्याच्याशी तासभर बोलू द्या. बॅज कसा वाचतात, सोर्स कॅमेऱ्यात, म्हणजे त्याच्या बंदिस्त पेटीत, परत गेला हे कसं तपासतात, हे तिला त्याच्याकडूनच समजेल. उंदरांबद्दल मात्र तुम्ही तिच्या वतीनं लिहू नका. तिला काय वाटतं ते तिनं स्वतः चार ओळींत कळवावं. प्रयोगशाळा की रुग्णालय, हे मी त्यानंतर सांगेन.