वांद्र्याच्या भिंती, आईसोबत

प्रश्न : आईला जुन्या सिनेमाचं वेड. वांद्र्याची भित्तिचित्रं गाईडशिवाय पायी दाखवायची आहेत. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हिल रोडवरून चॅपल रोडला वळा, तेही रविवारी सकाळीच; नंतर रिक्षा-स्कूटरींपुढे उभं राहायची सोय नाही. चित्रकार रणजित दहियांनी २०१२ मध्ये जुन्या सिनेमातली ‘अनारकली’ रंगवली ती याच गल्लीत. मात्र जुन्या याद्यांवर विसंबू नका. पावसात रंग उडतो, पोपडे निघतात, त्यावर दुसराच कुणी नवं चित्र चढवतो. मला तर ते पोपडेच जास्त आवडतात! घरं राहती आहेत, खिडकीत मोबाइल खुपसू नका. पुढे रेक्लमेशनला आईसाठी रिक्षा करा. तिथल्या एमटीएनएलच्या इमारतीवर दहियांनीच २०१४ मध्ये दादासाहेब फाळके रंगवले. एवढं मोठं चित्र पायथ्याशी उभं राहून कळत नाही, रस्त्यापलीकडून बघा.