एकच ‘ऱ्या’, दोन पत्ते

प्रश्न : घरगुती निवासांच्या बुकिंगसाठी आम्ही पायथनमध्ये पॅकेज बनवतो आहोत. ‘किनाऱ्यावर.भारत’ असा पत्ता एका मशीनवर उघडतो, दुसऱ्यावर ‘सापडला नाही’ येते. असे का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : घोळ ‘ऱ्या’त आहे. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो : नुक्त्याचा ऱ, हलन्त, या, किंवा साधा र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह (झेडडब्ल्यूजे), या. डोळ्यांना फरक कळतच नाही. देवनागरी पत्ता आधी ‘एक्सएन--’ने सुरू होणाऱ्या रोमन रूपात बदलावा लागतो. ते करणारे पायथनमधले अंगचे ‘आयडीएनए’ एन्कोडिंग 2003च्या नियमांवर चालते आणि जोडचिन्ह गाळते. उरते रफाराचे ‘किनार्यावर’, म्हणजे वेगळेच नाव! पिपने (पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने) वेगळी बसवायची ‘आयडीएनए’ लायब्ररी 2008चे नियम पाळते, हलन्तानंतरचे जोडचिन्ह राखते.

लायब्ररी नसेल तर गुपचूप अंगच्या एन्कोडिंगवर जाणारा कोड असेल, तर तो आधी काढा. बहुतेकदा दुखणे तिथेच असते. लायब्ररी सक्तीची डिपेंडन्सी (पॅकेजला लागणारा बाहेरचा भाग) म्हणून नोंदवा, नसेल तर इन्स्टॉलच अडू द्या. नाव नुक्त्याच्या ऱनेच नोंदवा आणि ग्राहकाने टाइप केलेला ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ हा क्रम एन्कोड करण्यापूर्वी ‘ऱ, हलन्त’ करून घ्या.

पॅकेजसोबत चाचणी हवीच : दोन्ही लिखाणांतून एकच रोमन रूप निघावे, आणि ‘भारत’चे ‘एक्सएन--एच2बीआरजे9सी’ यावे. टिंबांमधल्या प्रत्येक तुकड्याची 63 अक्षरांची मर्यादा या रोमन रूपावर मोजतात, देवनागरीवर नाही.