‘मजुरी आत्ता वाढवू नका’ म्हणणारे कधी वाढवायची ते सांगत नाहीत

प्रश्न असा होता: किमान वेतन वाढवावं का, आणि वाढवायचंच तर ही वेळ योग्य आहे का? कापूस-सोयाबीनला भाव नसताना मजुरी वाढवली तर लहान शेतकरी मरणार नाही का?

तुमचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले. ‘लहान शेतकरी मरेल’ हे मी लहान शेतकऱ्याच्या तोंडून फार कमी ऐकलंय. बोलतात पंधरा-वीस एकरवाले, आणि नाव आमचं घेतात. आमचं साडेतीन एकर कोरडवाहू आहे, यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीच्या बाजूला. निंदणाला, म्हणजे तण काढायला, मी बाया लावते, आणि आपलं निंदण आटोपलं की मीच दुसऱ्याच्या वावरात रोजीनं जाते. आमच्यासारख्या घरातल्या बहुतेक बाया हेच करतात. रोजी वाढली तर माझ्या घरातून पैसे जातात तसे घरात येतातही, आणि वर्षाचा हिशोब केला तर येतात ते जास्त असतात. हे कोणी विचारात घेत नाही.

तेव्हा वाढवावं का, याचं उत्तर: हो, वाढवावं. त्यावर जास्त लिहीत नाही. खरा घोळ ‘कधी’चा आहे, आणि त्या शब्दावरून आमच्या घरात बरीच वर्षं बोलणं तुटल्यासारखं आहे.

२०१७ च्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. बाबा गेले होते, वावर आईच सांभाळत होती आणि वर मजुरीला जात होती. पाऊस लागून राहिला आणि उघडला तेव्हा सगळ्यांची वावरं एकाच वेळी तणानं भरली. बायांची रोजी दीडशे होती. रोजगार हमीचा त्या वर्षीचा महाराष्ट्राचा दर २०१ रुपये होता. हे बायांना ठाऊक होतं, कारण मार्च-एप्रिलमध्ये त्यातल्या कित्येकजणी हमीच्या कामावर जाऊन आल्या होत्या. आईची टोळी म्हणजे बचत गटातल्याच बाया. त्यांनी ठरवलं, दोनशेच्या खाली निंदणाला जायचं नाही. आई सगळ्यांसमोर म्हणाली, "सरकार दोनशे एक देते. एक रुपया आमी तुमाले सोडला."

संध्याकाळी मारुतीच्या पारावर मोठ्या शेतकऱ्यांची बैठक बसली. पुढे बसले होते माझे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. वाटणीत विहिरीचं वावर त्यांच्याकडे गेलं आणि बरड आमच्याकडे आलं. तो विषय वेगळा, पण आईला त्यांच्या वावरात रोजीनं का जावं लागायचं ते यावरून कळेल. बैठकीत ठरलं की गावचा दर दीडशे, आणि जो जास्त देईल त्याला दंड. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गावातून टेम्पोत बाया आल्या. त्यांची रोजी दीडशे, गाडीचं भाडं वेगळं. भाडं धरून एका बाईमागे खर्च दोनशेच्या घरात गेला. म्हणजे पैसे होते. ते टेम्पोवाल्याला द्यायला चालत होते, गावातल्या बायांना द्यायचे नव्हते.

आई घरी बसली. उडदाचं वरण आणि भाकर, दुसरं काही नाही, असे दिवस गेले. आजूबाजूच्या बाया येऊन बसायच्या आणि एकमेकींना धीर द्यायच्या, कारण एक जरी दीडशेला गेली असती तर सगळं संपलं असतं. मग त्या दुसऱ्या गावातही निंदण अंगावर आलं आणि टेम्पो यायचा थांबला. आभाळ पुन्हा भरून आलं. पहिले दोघं आले ते चार-पाच एकरवाले. रात्री आले, आणि म्हणाले, "दोनशे देतो माय, पण सकाळी लवकर या, वावर हातचं चाललं." ज्यांच्या नावानं बैठक भरवली होती त्या लहान शेतकऱ्यांनीच आधी दोनशे दिले. पोळ्यापर्यंत सगळ्या गावात दोनशे झाले. दंड कोणी भरला नाही आणि कोणी मागितलाही नाही.

त्या हिवाळ्यात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला. मोठेबाबांनी सगळीकडे सांगितलं की बायांनी अडवून धरलं म्हणून ते वर्ष बुडालं. अळीचा आणि निंदणाच्या पन्नास रुपयांचा काय संबंध, हे विचारायला मी गेले. तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं तेच आज तुमच्या प्रश्नात आलंय: "पोरी, मजुरी वाढवाले माही ना नाही. पन वेळ पाहून वाढवा लागते."

तेव्हापासून मी ती वेळ शोधते आहे. २०१८ ला पाऊस कमी, म्हणून नको. मग करोना, म्हणून नको. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. आमच्या भागात असा भाव कोणी पाहिला नव्हता. मी म्हटलं, आता तरी वेचणीचा दर वाढवा. तर म्हणाले, हा भाव टिकणारा नाही, एकदा वाढवलेली मजुरी खाली येत नाही. वाईट वर्षी पैसा नाही म्हणून नाही, चांगल्या वर्षी पैसा टिकणार नाही म्हणून नाही. मग वर्ष उरलं कोणतं?

आता वेचणीचा हिशोब मांडते, कारण तुमच्या ‘मरणार नाही का’चं उत्तर त्यात आहे. किलोला दहा रुपये धरा. दुसऱ्या वेचणीला पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पांढरी झालेली असते, तेव्हा हात चालणारी बाई दिवसाला चाळीस-पन्नास किलो वेचते, म्हणजे चारशे-पाचशे रुपये. शेवटच्या वेचणीला बोंडं विरळ असतात. तीच बाई, तेवढंच ऊन, तेवढीच वाकलेली कंबर, आणि सांजेला काट्यावर पंधरा-वीस किलो भरतात. रोजी दीडशे-दोनशेवर येते. दर बदलला नाही असं वावराचा मालक सांगतो आणि ते खरं असतं, पण बाईच्या हातातले पैसे निम्म्याच्या खाली गेलेले असतात. किमान वेतन दिवसाचं असतं ते याचसाठी. काम उक्तं, म्हणजे किलोवर मोजून दिलेलं, असलं तरी दिवसाची रोजी किमानाच्या खाली जाता कामा नये. म्हणून आमच्याकडे शेवटच्या वेचणीला मी किलोला जास्त देते.

शेतकऱ्याच्या बाजूनं बघा. एकरी पाच क्विंटल कापूस धरला आणि किलोला दोन रुपये वाढवले तर एकरी हजार रुपये जास्त जातात. हजार रुपये माझ्यासाठी लहान रक्कम नाही. आता दुसरी बाजू. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता आणि खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, आमचा कापूस सात हजारांच्या आत गेला. हमीभावानं घेणाऱ्या सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या वर दिसला की भाव कापतात आणि १२ च्या वर गेला की घेतच नाहीत. घरात साठवायला जागा नसलेला माणूस तिथपर्यंत थांबू शकत नाही. पाच क्विंटलमागे साडेपाच हजारांहून जास्त तिथे गेले. २०२५ च्याच ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं, आधी सप्टेंबरपर्यंत आणि मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे नेमका आमचा कापूस घरात यायच्या वेळी. त्या दिवशी पारावर बैठक भरली नाही. निंदणाचे पन्नास रुपये वाढले की गाव गोळा होतं, आणि क्विंटलमागे हजार रुपये वरून कापले गेले की प्रत्येकजण आपापल्या घरी बसून नशिबाला बोल लावतो. मला राग याचा आहे. लहान शेतकरी मरतो तो भावाच्या या फरकात, आणि हिशोब मागितला जातो बाईच्या रोजीत.

हमीभाव काढताना ज्या खर्चावर दीडपट धरतात त्या खर्चात दिलेली मजुरी असते आणि घरच्यांच्या राबण्याची किंमतही असते. म्हणजे रोजी वाढली की हमीभाव वाढवायची मागणी करायला तुम्हाला आधार मिळतो. मजुरी दाबून ठेवणारा शेतकरी स्वतःच्या मालाची किंमतही दाबून ठेवतो. मोठेबाबांना हे मी कागदावर मांडून दाखवलं होतं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

कायद्यातला ‘कधी’ही पाहा. किमान वेतनाचं विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मजूर मंत्री असताना १९४६ साली मांडलं, कायदा १९४८ साली झाला, आणि त्याच्या अनुसूचीत शेतीचं काम पहिल्यापासून होतं. जास्तीत जास्त पाच वर्षांनी दर तपासायचे, असं त्यात लिहिलं होतं. त्याच्या जागी आलेल्या नव्या वेतन संहितेतही पाच वर्षंच आहेत. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेनं वेतन कसं काढायचं तेही ठरवून दिलं: मोठ्या माणसामागे दिवसाला २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, जळण-दिवाबत्ती. पुढे सर्वोच्च न्यायालयानं पोरांचं शिक्षण, दवाखाना, लग्नकार्य यासाठी वर २५ टक्के धरायला सांगितलं. म्हणजे कसं मोजायचं हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. २०१९ साली केंद्राच्याच समितीनं दिवसाला ३७५ रुपये सुचवले, आणि सरकारनं देशाचा तळाचा दर १७६ वरून १७८ केला. दोन रुपये. २०१८ साली आमचा रोजगार हमीचा दरही २०१ वरून २०३ झाला होता. तेही दोनच. आई तेव्हा काही बोलली नाही, नुसती ते पत्रक बघत राहिली.

हमीचा दर महागाईच्या ज्या निर्देशांकावरून वाढवत आले त्यातली खर्चाची यादी १९८३ च्या सुमाराची होती. त्यात मोबाईलचं रिचार्ज नव्हतं आणि इंग्रजी शाळेची गाडीही नव्हती. वाढ अशी दोन-दोन रुपयांनी का होते, ते यावरून समजेल.

उशिरा आणि एकदम वाढवण्यातही नुकसान आहे, हे मला मान्य आहे. १९८८ साली महाराष्ट्रात शेतमजुरांचं किमान वेतन एका झटक्यात दुपटीच्या घरात नेलं. रोजगार हमीची मजुरी त्याला बांधलेली होती, ती पण दुप्पट झाली, आणि मग सरकारनं कामंच कमी काढली. मागेल त्याला काम ही हमी तिथे ढिली पडली. वेतनवाढीचे विरोधक हे उदाहरण देतात. मी ते उलट वाचते. दरवर्षी थोडं थोडं वाढवलं असतं तर दुप्पट करायची पाळीच आली नसती.

म्हणून माझं मत: दरवर्षी, ठरलेल्या तारखेला, गुढीपाडव्याच्या आधी. सालदाराचं, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचं, साल आपल्याकडे पाडव्यालाच ठरतं, हमीचा नवा दर १ एप्रिलला लागत आला आहे, आणि खरिपाचे हमीभाव त्यानंतर जाहीर होतात. पेरणीआधी रोजी माहीत असेल तर कापूस किती लावायचा आणि तूर किती, हे शेतकरी ठरवू शकतो. निंदणाच्या तोंडावर वाढवली तर भांडण होणारच. २०१७ ला झालं ते त्यामुळेच, आणि त्याआधीच्या चैत्रात कोणी विषय काढला असता तर झालंही नसतं.

मजुरी वाढवली की तणनाशक येतं, असंही सांगतात. आमच्याकडे चोर बीटी (तणनाशक सहन करणारं, परवानगी नसलेलं कापसाचं बियाणं) आणि तणनाशक रोजी दीडशे असतानाच आलं. सगळ्यांना एकाच आठवड्यात बाया पाहिजे असतात, म्हणून ते आलं. वेचणीला तर अजून आमच्याकडे यंत्र नाही, कारण बोंडं एकदम फुटत नाहीत.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. माझा सगळा हिशोब कापसाच्या पट्ट्यातला आहे. भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी एकरावर ठेक्यानं होते, तिथे हा जसाच्या तसा लावू नका. आणि जिथे घरात कमावणारं कोणीच नाही, विधवा बाई दोन एकर बटईनं, म्हणजे वाट्यानं, लावून मजूर लावते, तिथे हजार रुपयेही जड जातात. तिला हमीभावानं खरेदी दारात मिळाली पाहिजे; तिच्या नावावर बाकी बायांची रोजी अडवू नये. आणखी एक, ‘मी कमी पैशात राजी आहे’ असं कोणी लिहून घेतलं तरी किमान वेतनाच्या कायद्यात त्या कागदाला किंमत नाही. हे तुमच्या गावातल्या बायांना सांगा, कारण कामगार खात्याचा माणूस मी तरी अजून वावरात आलेला पाहिला नाही.

तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत निंदण, वेचणी, फवारणी आणि सोंगणीचे दर विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. बायांचे आणि माणसांचे दर वेगळे लिहू देऊ नका. आमच्या गावात मी हा विषय अर्ज करून दिला आहे. ‘आत्ता नको’ म्हणणारे तिथेही येतील, मोठेबाबाही येतील. त्यांना मी एवढंच विचारणार आहे की तुमच्या मते योग्य ती तारीख सांगा. कोणतीही सांगितली तरी तीच ठरावात लिहायची, आणि खाली त्यांची सही घ्यायची.