ब्लॉगवर रोज हजार हिट्स दिसतात, पण वाचतं कोण? आणि तो हॅक होऊ नये म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: स्वतःच्या डोमेनवर वर्डप्रेसचा (ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर) ब्लॉग आहे, आठवड्याला एक लेख होतो, होस्टिंगच्या पॅनेलमध्ये रोज हजारभर हिट्स दिसतात आणि प्रतिक्रिया महिन्यात एकही येत नाही. हे हजार कोण? आणि ब्लॉग सुरक्षित कसा ठेवायचा?

हजारातले वाचक वीस-पंचवीस असले तरी चांगलं म्हणायचं. वाईट वाटून घेऊ नका, मीही पहिली तीन वर्षं असल्याच आकड्यावर खूश होतो.

मी सह्याद्रीतल्या घाटवाटांवर लिहितो, म्हणजे लेखागणिक पंधरा-वीस फोटो. सर्व्हरकडे, म्हणजे ब्लॉग जिथे ठेवलाय त्या संगणकाकडे, गेलेली प्रत्येक मागणी म्हणजे एक हिट. एकाने नाणेघाटाचा लेख उघडला की लेखाचा एक, फोटोंचे वीस आणि थीमच्या (ब्लॉगचं रूप ठरवणाऱ्या) फायलींचे दहा, अशा तीसेक हिट्स एकट्याच्या नावावर. उरलेल्यांत बहुतेक माणसं नसतातच. ती कोण असतात हे बघायला कुठलंही प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचं जादा सॉफ्टवेअर) लागत नाही. होस्टिंगचं पॅनेल ‘सीपॅनेल’ असेल तर त्यात ‘रॉ अ‍ॅक्सेस’ शोधा, तिथली दाबून लहान केलेली फाईल उतरवा, उलगडा आणि नोटपॅडमध्ये उघडा. हा सर्व्हरचा लॉग, म्हणजे नोंदवही. एक ओळ म्हणजे एक मागणी: आयपी पत्ता (मागणाऱ्याचा इंटरनेटवरचा नंबर), वेळ, काय मागितलं, सर्व्हरने उत्तरादाखल दिलेला आकडा, किती बाइट गेले, कुठल्या पानावरून आला आणि कुठला ब्राउझर.

वेळेपुढचं अधिक-चिन्ह आधी बघा. तिथे चार शून्यं असतील तर ती ग्रीनिचची वेळ, त्यात साडेपाच तास मिळवायचे. मी ते केलं नव्हतं. दुपारी साडेतीनला गर्दी दिसायची, म्हणून लोक ऑफिसात चहाच्या सुट्टीत वाचतात असा माझा ठाम समज, आणि लेखही दुपारीच टाकायचो. प्रत्यक्षात ते रात्रीचे नऊ होते, जेवणं उरकल्यावरचे.

आता त्याच फाईलमध्ये ‘डब्ल्यूपी-लॉगिन’ (wp-login) शोधा. एकाच पत्त्यावरून दर दोन-तीन सेकंदांनी एक ओळ, अशा शेकडो सापडतील. तुमच्यावर कुणाचा राग नाही. पासवर्डांची यादी घेऊन जगभरची दारं वाजवत फिरणारी ती यंत्रं आहेत. इथे एक गंमत आहे. एरवी २०० हा आकडा म्हणजे ‘सगळं ठीक’. पण लॉगिनच्या पानावर पासवर्ड चुकला की वर्डप्रेस तेच पान पुन्हा दाखवतं, म्हणून ‘पोस्ट’ (POST) मागणीला, म्हणजे काही भरून पाठवलेल्या मागणीला, २०० आलं तर पाहुणा बाहेरच राहिलाय. पासवर्ड बरोबर ठरला की ते आत पाठवतं आणि ३०२ येतं. अनोळखी पत्त्यापुढे ३०२ दिसलं की हातातलं काम सोडून पासवर्ड बदलायचा.

त्याआधीच्या ओळींमध्ये ‘ऑथर बरोबर एक’ (author=1) अशी मागणीही दिसेल. त्या मागणीला वर्डप्रेस लेखकाच्या पानाचा पत्ता देतं आणि त्या पत्त्यात बहुधा तुमचं लॉगिनचं नावच असतं. म्हणजे अर्धी किल्ली आपणच काढून देतो. लेख लिहायला वेगळं, साध्या अधिकारांचं खातं ठेवलं की हा प्रश्न बराचसा मिटतो.

मला धडा मिळाला तो २०१९च्या पावसाळ्यात. ट्रेकचा जुना मित्र फोनवर म्हणाला, “काय रे, गोळ्याबिळ्या विकायला लागलास काय?” मी साइट उघडली, सगळं जिथल्या तिथे. तो म्हणाला, “गुगलवरून ये.” गुगलमध्ये ब्लॉगचं नाव टाकलं तर राजमाचीच्या लेखाखाली इंग्रजीत औषधांची नावं आणि त्यांचे भाव. आत घुसलेला कोड गुगलच्या यंत्राला आणि गुगलवरून येणाऱ्यांना एक पान दाखवत होता, आणि थेट पत्ता टाइप करणाऱ्या मला दुसरं. म्हणून महिनोन्‌महिने मला पत्ता नाही. सर्च कन्सोल या गुगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात एखाद्या लेखाचा पत्ता तपासून गुगलला तो कसा दिसतो हे तुम्हालाही बघता येतं. मी आता महिन्यातून एकदा बघतो.

हे आलं कुठून? विकतची थीम मी कुठूनतरी फुकट उतरवली होती. चारेक हजार रुपये वाचवले. लॉगमध्ये खूण होतीच: ‘अपलोड्स’ फोल्डरमधल्या एका पीएचपी फाईलला (म्हणजे प्रोग्रामच्या फाईलला) ‘पोस्ट’ मागण्या आणि पुढे २००. त्या फोल्डरात फोटो असतात. पीएचपी फाईलचं तिथे काही काम नाही. तुमच्याकडे अशी फाईल दिसली तर नुसती ती पुसून थांबू नका. वर्डप्रेसच्या मूळ फायली नव्याने टाका, थीम आणि प्लगइन मूळ जागेवरून पुन्हा घ्या, वापरकर्त्यांच्या यादीत भलताच अ‍ॅडमिन बसलाय का ते पाहा, डेटाबेसचा पासवर्ड बदला आणि वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाईलमधल्या (wp-config) गुप्त किल्ल्याही बदला. किल्ल्या बदलल्या की आत बसलेले सगळे एका फटक्यात लॉगआउट होतात.

खरा फटका त्यानंतर बसला. मी बॅकअप परत चढवला तर लेखांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा! डेटाबेसची निर्यात चुकीच्या कॅरेक्टर सेटमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) झाली होती. देवनागरीच्या जागी युरोपीय ठिपकेदार अक्षरांचा गिचमिड काला दिसला तर जीव भांड्यात पडू द्या, तो बहुतेक वेळा उलटा फिरवता येतो. प्रश्नचिन्हं झाली की अक्षर गेलंच. तीसेक लेख मी वेबॅक मशीन या जुनी पानं साठवणाऱ्या साइटवरून आणि गुगलच्या तेव्हाच्या साठवणीतून हाताने परत आणले, चारांचा मागमूस लागला नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना हे दुखणं सहसा माहीत नसतं, त्यामुळे त्यांच्या मार्गदर्शक लेखांतही ते नसतं. कॅरेक्टर सेट ‘यूटीएफ-८ एमबी-४’ (utf8mb4) आहे ना ते बघा. आणि बॅकअपची फाईल वर्षातून एकदा तरी उघडून तिच्यात मराठी वाचता येतं का ते डोळ्यांनी पाहा. ती होस्टिंगवरच ठेवली असेल तर तिला बॅकअप म्हणत नाहीत. एक प्रत घरच्या डिस्कवर हवी.

बाकीचं पटापट. अपडेट आपोआप होऊ द्या. न वापरलेली प्लगइन नुसती बंद करू नका, काढून टाका. बंद असली तरी त्यांच्या फायली बाहेरून मागता येतात. लॉगिनला दोन टप्पे (पासवर्ड आणि वर एक कोड) लावा आणि चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा घाला. फोनवरच्या अ‍ॅपमधून लिहीत नसाल आणि जेटपॅक हे प्लगइन वापरत नसाल तर ‘एक्सएमएलआरपीसी’ (xmlrpc), म्हणजे बाहेरच्या अ‍ॅपना आत यायचं दार, बंद करा. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट https प्रमाणपत्र लावलंत तर उत्तम, पण ते कुलूप रस्त्यातल्या मजकुराचं, घराचं नव्हे. डोमेन परदेशी कंपनीकडचं असेल तर आपोआप नूतनीकरणावर विसंबू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे असे परस्पर कापले जाणारे पैसे कार्डावर अडकू शकतात. तारीख कॅलेंडरात घाला.

आता वाचक मोजायची साधनं. गुगल अ‍ॅनॅलिटिक्सची जुनी पद्धत जुलै २०२३ मध्ये बंद झाली. नवी मला किचकट वाटली, मी काढून टाकली. माझे काही वाचक जर्मनी-नेदरलँड्समध्ये आहेत, त्यांच्यासाठी कुकीची संमती मागत बसायचीही इच्छा नव्हती. स्वतःच्या होस्टिंगवर माटोमो हे तसंच साधन बसवता येतं. पण जाहिरात अडवणारे ब्राउझर असली साधनंही अडवतात, म्हणून ती कमी मोजतात आणि लॉग जास्त मोजतो. खरा आकडा मधे कुठेतरी. आयपीवरून माणूस शोधायच्या भानगडीत पडू नका. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच पत्त्याआड बसवतात.

त्यापेक्षा लॉगमध्ये रोमन अक्षरांत ‘व्हॉट्सअ‍ॅप’ शोधा. कुणी तुमची लिंक मेसेजमध्ये चिकटवली की तिचं छोटं चित्र दाखवायला त्याचा फोन तुमच्या सर्व्हरवर येतो आणि ब्राउझरच्या जागी व्हॉट्सअ‍ॅपचं नाव ठेवून जातो. म्हणजे कुणीतरी ती लिंक कुणालातरी पाठवायला घेतली. जे उघडतात ते मात्र कुठून आले याची नोंद न ठेवता येतात आणि ‘थेट’ म्हणून मोजले जातात. फीडलीवरून (अनेक ब्लॉगचे नवे लेख एकत्र दाखवणारी सेवा) वाचणारे असतील तर त्याच्या ओळीत वर्गणीदारांचा आकडाच लिहिलेला असतो. माझे अकरा आहेत, त्यातला एक मी.

एक मराठी अडचण: लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवलात तर लॉगमध्ये प्रत्येक अक्षराची, काना-वेलांट्यांसकट प्रत्येक खुणेची, टक्क्यांच्या चिन्हांसह नऊ-नऊ अक्षरं होतात. कुठला लेख ते ओळखू येत नाही. शिवाय वर्डप्रेसची मर्यादा दोनशेची, त्यामुळे बाविसाव्या खुणेनंतर नाव तुटतं. पत्ता रोमनमध्ये, छोटा ठेवा. जुन्या लेखांचे पत्ते बदललेत तर वर्डप्रेस स्वतःच वाचकाला नव्यावर नेतं.

माझ्याकडे जून-जुलैत शुक्रवारी रात्री दहाच्या सुमारास या व्हॉट्सअ‍ॅपच्या ओळी येतात. सात-आठ, कधी बारा. शनिवारी पहाटे कुठेतरी बॅगा भरल्या जाणार असतात. प्रतिक्रिया त्यांच्यातलंही कुणी देत नाही. तुमच्या एका दिवसाच्या लॉगमधल्या वीसेक ओळी इथे टाकल्यात तर बघून सांगतो, फक्त आयपीचे शेवटचे आकडे आधी खोडा.