भाड्याच्या जागेवरचे घर विकताना

प्रिय चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. वहिनी आता तुमच्याकडे ओहायोत कायमच्या राहायला येणार, हे वाचून मनावरचे ओझे उतरले. माझा मित्र, म्हणजे तुझे काका, गेल्यापासून त्या फ्लोरिडातल्या झेफिरहिल्सच्या मोबाइल होममध्ये, म्हणजे कारखान्यात बांधून जागेवर आणून बसवलेल्या घरात, एकट्याच होत्या, आणि २०२४ मध्ये सप्टेंबरात हेलीन व ऑक्टोबरात मिल्टन अशी दोन चक्रीवादळे लागोपाठ आली तेव्हा दोन्ही वेळा त्यांना घाईघाईने पक्क्या घरात हलवावे लागले होते. विक्रीची जबाबदारी तू अंगावर घेतलीस हे चांगले केलेस. सामानासकट ऐंशी हजार डॉलर मागावेत का, असे तू विचारले आहेस. तो आकडा मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर सांगणे भाग आहे.

तू घर विकणार आहेस, जमीन नव्हे. ज्या जागेवर ते उभे आहे ती जागा पार्कच्या, म्हणजे अशा घरांच्या वसाहतीच्या, मालकाची आहे आणि वहिनी तिचे दरमहा भाडे भरतात. त्यामुळे फ्लोरिडाच्या कायद्याने हे घर मोटारीसारखी जंगम मालमत्ता ठरते. त्याचे टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, वाहन खाते देते आणि त्यावर दरवर्षी नूतनीकरण करावयाचा स्टिकर लागतो. ओहायोतील तुझ्या घराची किंमत वाढली ती मुख्यतः खालच्या जमिनीमुळे वाढली. इथे जमिनीची वाढ मालकाकडे जाते आणि ती घर घेणाऱ्याच्या माथी भाड्याच्या रूपाने बसते. म्हणून वयोवृद्धांच्या पार्कमध्ये घर घ्यायला येणारा मनुष्य वरवर घराची किंमत विचारतो, पण त्याचा खरा हिशेब महिन्याच्या खर्चाचा असतो. त्याचे उत्पन्न ठरलेले असते: सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन, आणि असलीच तर नोकरीची थोडी पेन्शन. समज, नव्या रहिवाशाला जागेचे भाडे ८६५ डॉलर पडणार असेल, तर वर्षाचे १०,३८० आणि दहा वर्षांत भाडे एका पैशानेही न वाढता १,०३,८०० डॉलर होतात. ज्याला हा आकडा दिसतो तो १९८३ च्या घराला ऐंशी हजार देणार नाही. गेल्या बारा महिन्यांत त्याच पार्कमध्ये तशाच, दोन भाग जोडून उभारलेल्या घरांचे व्यवहार प्रत्यक्षात कितीला झाले, हे क्लबहाउसमध्ये विचारल्यास कळेल. लोकांनी मागितलेल्या किमती बघू नकोस, मिळालेल्या बघ. माझा अंदाज अडतीस ते बेचाळीस हजारांचा आहे.

वहिनी आज जे भाडे भरतात तेच पुढच्याला लागेल, असे मात्र कोणालाही सांगू नकोस. फ्लोरिडाच्या कायद्यातील ७२३ वे प्रकरण अशा पार्कांना लागू होते. त्यानुसार घर घेणाऱ्याला विकणाऱ्याच्या चालू भाडेकराराची उरलेली मुदत मिळते, पण ती संपल्यावर पार्कच्या माहितीपत्रकात आधी सांगितलेल्या रीतीने मालक भाडे वाढवू शकतो, आणि पुष्कळ ठिकाणी नव्या माणसासाठीचे भाडे जुन्यापेक्षा बरेच अधिक असते. माझ्या थोरल्या भावाचे घर मी विकले तेव्हा ही चूक माझ्या हातून झाली. मी त्याच्या भाड्याची पावती दाखवली, मिशिगनहून आलेल्या जोडप्याने घर पसंत केले, हातात हात दिला, आणि कार्यालयात गेल्यावर त्यांना महिन्याला दीडशे डॉलर जास्तीचा आकडा सांगण्यात आला. ते परत आले नाहीत. मी त्यांना फसवले असे त्यांना वाटले असणार, आणि ती गोष्ट मला व्यवहार मोडल्यापेक्षाही अधिक लागली. त्यामुळे जाहिरात देण्यापूर्वी तू एक काम कर: पार्कच्या व्यवस्थापकाकडून नव्या खरेदीदारासाठीचे भाडे, ते पुढे कसे वाढते, त्यात पाणी, कचरा आणि गवतकापणी धरली आहे की नाही, हे सारे लेखी माग. तो कागद घरात टेबलावरच ठेव आणि येईल त्याला किमतीच्या आधी तो दाखव.

त्याच भेटीत पार्कची मंजुरीची पद्धतही विचारून घे. खरेदीदाराला आधी पार्ककडे अर्ज करावा लागतो. त्याची पार्श्वभूमी आणि उत्पन्न तपासले जाते, आणि वयाची अट असतेच. १९९५ च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे पंचावन्न वर्षांवरील लोकांची वसाहत म्हणवून घ्यायची तर वस्ती असलेल्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत पंचावन्न किंवा त्याहून अधिक वयाची एक तरी व्यक्ती राहत असली पाहिजे. उरलेल्या वीस टक्क्यांत तरुणांना घ्यावे की नाही, हे प्रत्येक पार्क स्वतःच्या नियमांनी ठरवतो. त्यामुळे मंजुरी मिळाली नाही तर करार रद्द आणि विसार परत, हे वाक्य करारात असलेच पाहिजे. पार्कच्या कार्यालयाने ‘विक्री आमच्यामार्फतच करा’ असा आग्रह धरला, तर नम्रपणे नकार दे. त्यांच्याशी लेखी करार करून तू त्यांना दलाल नेमल्याशिवाय विक्रीच्या रकमेवर कमिशन घेण्याचा अधिकार त्यांना नाही.

आता घराकडे वळू. वहिनींचे घर १९८३ चे आहे, ही जमेची बाजू आहे. १५ जून १९७६ पासून अशी सर्व घरे केंद्र सरकारच्या एकाच बांधणी-संहितेनुसार बांधली जाऊ लागली. त्याआधीच्या घरांना विमा आणि कर्ज मिळणे फारच कठीण जाते. बाहेरच्या भिंतीवर, दोन्ही भागांच्या टोकांना, तांबड्या रंगाची छोटी धातूची पट्टी असेल. तिचा फोटो काढ. आत स्वयंपाकघराच्या कपाटात किंवा विजेच्या पेटीजवळ छापील माहितीचा कागद चिकटवलेला असेल, त्याचाही काढ. मात्र १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर वाऱ्याविषयीचे नियम कडक झाले ते जुलै १९९४ पासून, त्यामुळे हे घर त्या नंतरच्या घरांइतके मजबूत आहे असा दावा करू नकोस. त्याऐवजी घराखाली जाणारा माणूस बोलावून, वाऱ्यात घर धरून ठेवणारे जमिनीत रुतवलेले नांगर आणि पोलादी पट्टे तपासून घे व त्याचा अहवाल ठेव. मिल्टननंतर येणारा प्रत्येक जण छताखालोखाल तेच विचारतो.

घरातल्या पायाखालच्या जमिनीबद्दल मला अधिक लिहायचे आहे, कारण व्यवहार बहुधा तिथेच मोडतात. त्या काळच्या घरांत लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या तळाला घालत असत. कोरड्या असताना त्या वर्षानुवर्षे टिकतात, पण एकदा पाणी मुरले की भाकरीसारख्या फुगतात आणि मग कुसकरतात. अनुभवी खरेदीदार आल्या आल्या संडासाच्या भांड्याभोवती, पाणी तापवण्याच्या टाकीसमोर आणि लनायच्या, म्हणजे जाळीने बंद केलेल्या ओसरीच्या, सरकत्या दाराशी पायाची टाच दाबून पाहतो. तूही तसेच पाहा. मला आठवते त्याप्रमाणे पाहुण्यांच्या न्हाणीघरात डाव्या हाताला जमीन थोडी दबते, आणि वहिनींनी तिथे जाड पायपुसणे घातले आहे. ते उचल. तेवढा भाग कापून प्लायवूड बसवून घे, खालची गळती आधी बंद कर आणि काम झाल्याची पावती ठेव. दुरुस्ती करायची नसेल तर किंमत कमी कर आणि दोष लिहून दे, पण पायपुसण्याखाली झाकू नकोस. ‘आहे त्या स्थितीत’ विकतो असे लिहिले म्हणजे माहीत असलेला दोष लपवण्याची मुभा मिळते, असा पुष्कळांचा समज आहे; तो चुकीचा आहे. घराखालचे पाण्याचे नळ राखाडी, लवचिक प्लास्टिकचे आहेत का, तेही बघ. १९७८ ते १९९५ या काळात वापरलेले ते नळ सांध्यांशी फुटतात आणि विमा कंपन्या त्याविषयी हमखास विचारतात.

सामानाविषयी तू लिहिले आहेस की आतल्या फर्निचरचेच पंधरा हजार व्हावेत. ते फर्निचर तुझ्या काकांनी किती हौसेने घेतले होते हे मी पाहिले आहे, पण ते वेगळे विकायला काढलेस तर हजारसुद्धा सुटणार नाहीत. तरीही सामानासकट विकणे शहाणपणाचे आहे, आणि त्याचे कारण निराळे आहे. थंडीत उत्तरेकडून येणारे लोक दोन बॅगा घेऊन येतात. त्यांना त्याच रात्री अंथरूण, कपबशा, टॉवेल आणि चालणारा दूरचित्रवाणी संच हवा असतो. ही सोय घर लवकर विकते, किंमत फारशी वाढवत नाही. म्हणून जे द्यायचे ते स्वच्छ आणि पुरेसे दे: दोन पलंग, जेवणाचे टेबल, सोफा, लनायमधल्या वेताच्या खुर्च्या, धुलाईयंत्र. कपाटे मात्र रिकामी कर. देव्हारा, कुकर, डोशाचा ग्राइंडर, भिंतीवरचे फोटो, काकांची तबलाजोडी, हे सारे लोकांना घर दाखवण्याआधी हलव. कारण खरेदीदाराने पाहिलेली वस्तू नंतर उचलली की तंटा होतो. वहिनींना त्यासाठी एक पूर्ण आठवडा दे, आणि काय ठेवायचे हे त्यांनाच ठरवू दे. घाई तुला असेल, त्यांना नाही. मग उरलेल्या वस्तूंची खोलीवार यादी करून दोघांच्या सह्या घे. गोल्फ कार्टला फ्लोरिडात टायटल नसते, तेव्हा तिच्या अनुक्रमांकासह वेगळे विक्रीपत्र कर.

कागदपत्रांचे काम आजच सुरू कर. घर दोन भागांचे असल्याने टायटलेही दोन असतात. एकच सापडले तर दुसऱ्याची प्रत मागवावी लागेल. दोन्हींवर नावे कशी आहेत ते नीट वाच. नावांमध्ये ‘किंवा’ असेल तर वहिनींची एकटीची सही चालते. ‘आणि’ असेल तर काकांच्या मृत्यूचा दाखला जोडून काउंटीच्या टॅक्स कलेक्टरच्या कार्यालयात आधी नाव बदलून घेणे सोपे पडते. जुन्या कर्जाचा बोजा नोंदीत राहून गेला आहे का, हेही तिथे कळते. तुझ्या नावाचे कुलमुखत्यारपत्र वहिनी हयात आहेत तोवरच चालते, हे लक्षात ठेव आणि हे काम वर्षभर लांबवू नकोस. खरेदीदाराला टायटल बदलताना ६ टक्के विक्रीकर भरावा लागतो, शिवाय पहिल्या पाच हजारांवर काउंटीचा अधिभार असतो. कर वाचावा म्हणून विक्रीपत्रात कमी रक्कम लिहा, अशी विनंती कोणीतरी नक्की करील. ती मान्य करू नकोस. सही वहिनींची असणार आहे. बहुतेक व्यवहार रोखीचा होईल, कारण भाड्याच्या जागेवरील इतक्या जुन्या घराला कर्ज देणारे थोडेच आहेत. पैसे खरेदीदाराच्या बँकेत जाऊन, त्याच्या खात्यातून तुझ्यादेखत काढलेल्या बँकेच्या चेकने घे. पोस्टाने आलेला, ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक आला आणि वरचे पैसे परत मागितले, तर तो व्यवहार तिथेच सोड.

राहिला वेळेचा प्रश्न. आता ऑगस्ट संपत आला आहे. हिवाळी पाहुणे नोव्हेंबरपासून यायला लागतात आणि एप्रिलमध्ये परत जातात. दुरुस्ती आणि आवराआवर ऑक्टोबरअखेर संपली तर पूर्ण हंगाम तुझ्या हाती राहील. रिकाम्या घरात वातानुकूलन बंद करू नकोस, नाहीतर इथल्या दमट हवेत गाद्यांना आठ दिवसांत बुरशीचा वास लागेल. ते ७८ अंश फॅरनहाइटवर ठेव आणि पाण्याचा मुख्य नळ मात्र बंद कर. घर रिकामे राहिल्यास विमा किती दिवस चालतो, ते पॉलिसीत पाहा. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत गिऱ्हाईक आले नाही तर किमतीत तीन हजार उतरव. वहिनींचे आजचे भाडे ७२० डॉलर आहे. पुढच्या नोव्हेंबरची वाट पाहायची म्हणजे मे ते ऑक्टोबर एवढ्या सहा महिन्यांतच ४,३२० डॉलर विजेच्या बिलाखेरीज जातील.

मी शुक्रवारी झेफिरहिल्सला जाणार आहे. व्यवस्थापकांची वेळ घेतली आहे. भाड्याचे पत्र मिळाले की तुला फोटो पाठवतो आणि न्हाणीघराच्या जमिनीसाठी माझ्या ओळखीच्या सुताराला सोबत नेतो. वहिनींना एवढे विचारून ठेव की टायटले काकांच्या हिरव्या फाइलमध्ये आहेत की बँकेच्या लॉकरमध्ये.

तुझा,
काका
टँपा