वाचकांचे प्रश्न : अमेरिकेत मतदार कोण, हे कोणी ठरवलं?

न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत मी निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर काम करते. सकाळी सहाला दार उघडतं, रात्री आठला बंद होतं. मधल्या वेळेत माझ्यासमोर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव यादीत शोधायचं आणि सही घ्यायची, हे माझं काम. त्याबद्दल गेल्या अंकात लिहिलं, तेव्हा बरीच पत्रं आली. त्यातली बहुतेक मतदाराच्या पात्रतेविषयी आहेत, म्हणून या वेळी तेवढाच विषय घेते.

प्रश्न : अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेत मताचा हक्क फक्त जमीनदार गोऱ्या पुरुषांना होता, असं वाचलं होतं. ते कलम कोणतं?

असं कलम नाही. १७८७ साली लिहिलेल्या घटनेने मतदाराची पात्रता ठरवलीच नाही. राज्याच्या विधिमंडळातल्या मोठ्या सभागृहासाठी ज्याला मत देता येतं, त्याला काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहासाठीही देता येईल, एवढं सांगून तिने प्रश्न राज्यांवर सोडला. बहुतेक राज्यांत जमिनीची किंवा मालमत्तेची अट होती. पेनसिल्व्हेनियात कर भरणाऱ्या पुरुषाला मत होतं, आणि १७९१ मध्ये संघराज्यात आलेल्या व्हरमाँटमध्ये मालमत्तेची अटच नव्हती. या अटीमागचा युक्तिवाद असा, की जो दुसऱ्याच्या जिवावर पोट भरतो तो मालक सांगेल तिथेच मत देणार. व्हर्जिनियात मत चारचौघांत, तोंडी द्यावं लागे. मग मालकाची भीती वाटणारच. त्यावर गुप्त मतदानाचा उपाय होता, पण तो यायला पुढची शंभर वर्षं गेली.

माझ्या राज्याची गोष्ट मात्र या सगळ्यांहून वेगळी आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. न्यू जर्सीच्या १७७६ च्या घटनेत मतदार म्हणजे पन्नास पौंडांची मालमत्ता असलेला कोणीही सज्ञान रहिवासी. त्यात ना पुरुष म्हटलं होतं, ना गोरा. १७९० च्या निवडणूक कायद्यात तर मतदाराचा उल्लेख ‘तो किंवा ती’ असा होता. त्यामुळे इथे बायका मत देत होत्या आणि गुलामीत नसलेले कृष्णवर्णीयही देत होते. सॉमरसेट काउंटीतल्या माँटगमेरी गावची १८०१ ची मतदारांची यादी उपलब्ध आहे. पुरुषांच्या नावांमध्ये बायकांची नावं ओळीने लिहिलेली दिसतात, कुठलाही खास शेरा न मारता. या बायका बहुतांशी विधवा किंवा अविवाहित. लग्न झालं की मालमत्ता नवऱ्याची होई आणि बाईच्या हाती पन्नास पौंड उरत नसत.

हा हक्क १८०७ मध्ये काढून घेतला गेला. त्या वर्षी एसेक्स काउंटीत न्यायालयाची इमारत कुठे बांधायची यावर मतदान झालं आणि दोन्ही बाजूंनी भरपूर घोटाळा केला. पुरुषांनी बायकांचे कपडे घालून पुन्हा मत दिलं, असेही आरोप झाले. लबाडी पुरुषांची, पण मत गेलं बायकांचं. नव्या कायद्याने मतदार फक्त ‘स्वतंत्र गोरा पुरुष नागरिक’ ठरला. हे विधेयक मांडणारा जॉन कॉन्डिक्ट दहा वर्षांपूर्वी, १७९७ मध्ये, एलिझाबेथटाउनच्या बायकांच्या मतांमुळे हरता हरता वाचला होता. त्याच कायद्याने कराच्या यादीत नाव असलेल्या गोऱ्या पुरुषाला पन्नास पौंडांच्या कसोटीतूनही सोडवलं. हे सगळं एकाच कायद्यात झालं, याचा मला आजही संताप येतो.

पुढे हाच साचा दुसरीकडे दिसतो. न्यूयॉर्कने १८२१ मध्ये गोऱ्या पुरुषांवरची मालमत्तेची अट सोडली, पण कृष्णवर्णीयांसाठी ती २५० डॉलर ठेवली. पेनसिल्व्हेनियाने १८३८ मध्ये कृष्णवर्णीयांचं मत पूर्ण काढून घेतलं. ‘अमेरिकेत मताधिकार हळूहळू वाढत गेला’ हे वाक्य म्हणूनच मला पटत नाही. तो दिला गेला, हिसकावला गेला आणि पुन्हा मिळवावा लागला.

प्रश्न : मी इतिहास शिकवते. पंधराव्या घटनादुरुस्तीने १८७० मध्ये कृष्णवर्णीयांना मत दिलं असेल, तर १९६५ चा मताधिकार कायदा कशासाठी लागला?

बाई, तुमचा प्रश्न या सगळ्या विषयाच्या गाभ्याला हात घालतो.

दुरुस्ती फेब्रुवारी १८७० मध्ये मंजूर झाली. ३१ मार्चला माझ्याच काउंटीतल्या पर्थ अँबॉय शहरात थॉमस मंडी पीटरसन यांनी मत दिलं. त्या दुरुस्तीनंतर मत देणारे पहिले कृष्णवर्णीय म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. ते शाळेत देखभालीचं काम करत. मतदान शहराच्या सनदेवर होतं, म्हणजे अगदी गावपातळीवरचं. पुढे सनद सुधारण्याच्या समितीवरही त्यांना घेतलं, आणि १८८४ मध्ये गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना सोन्याचं पदक दिलं. सेंट पीटर्स चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे.

आता दुरुस्ती नीट वाचा. वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणांवरून मत नाकारता येणार नाही, असं ती म्हणते. दुसऱ्या कारणांवरून नाकारता येणार नाही, असं म्हणत नाही. दक्षिणेतल्या राज्यांनी नेमकी तीच फट धरली. मिसिसिपीने १८९० मध्ये नवी घटना केली, तिच्यात वर्णाचा उल्लेख नाही. वर्षाला दोन डॉलर पोल टॅक्स, म्हणजे मत देण्यासाठीची डोईपट्टी, भरा, आणि घटनेचं कोणतंही कलम वाचून दाखवा किंवा वाचून दाखवल्यावर समजावून सांगा. कलम कोणतं द्यायचं आणि उत्तर बरोबर की चूक, हे ठरवणार काउंटीचा नोंदणी अधिकारी. गोऱ्या निरक्षराला तो सोपी ओळ देई, कृष्णवर्णीय शिक्षकाला वकिलालाही दमवेल असं कलम. लुइझियानाने १८९८ मध्ये आणखी एक पळवाट शोधली. १ जानेवारी १८६७ रोजी ज्याला मताचा हक्क होता, त्याच्या मुला-नातवांना परीक्षेतून सूट. त्या तारखेला तिथे कृष्णवर्णीयांना हक्कच नव्हता, त्यामुळे सूट कोणाला मिळाली ते सांगायला नको. १८९६ मध्ये त्या राज्यात सुमारे १,३०,००० कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये उरले सुमारे १,३००.

ही ‘आजोबांची सूट’ सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये रद्द केली. पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत फक्त गोऱ्यांना मत देण्याची टेक्सासची पद्धत १९४४ मध्ये गेली. पण नोंदणीचं टेबल आणि त्यामागचा माणूस तिथेच राहिला.

त्या टेबलासमोर काय घडायचं हे विद्यार्थ्यांना सांगायचं असेल, तर फॅनी लू हेमर यांची हकीकत सांगा. या मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या बाई. कृष्णवर्णीयांना मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, हेच त्यांना चाळिशी ओलांडेपर्यंत ठाऊक नव्हतं. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या अठरा जणांच्या गटाबरोबर बसने इंडियानोलाला गेल्या. अधिकाऱ्याने राज्यघटनेचं सोळावं कलम उतरवून त्याचा अर्थ लिहायला सांगितला. आयुष्य कापूस वेचण्यात गेलेल्या बाईला त्यातली कायद्याची परिभाषा कुठून कळणार? अर्ज नामंजूर. परत येताना पोलिसांनी बस अडवली आणि बसचा पिवळा रंग शाळेच्या बससारखा आहे म्हणून चालकाला दंड केला. घरी पोचल्यावर मळ्याच्या मालकाने बजावलं, अर्ज मागे घे, नाहीतर चालती हो. त्या त्याच रात्री बाहेर पडल्या. पुढच्या जानेवारीत त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. तरी मत देता येईना, कारण पोल टॅक्सच्या दोन वर्षांच्या पावत्या नव्हत्या.

ऑगस्ट १९६४ मध्ये आमच्या अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं, तिथे त्यांनी हे सगळं समितीपुढे सांगितलं. त्यांची साक्ष चालू असतानाच राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकारांना बोलावून टीव्हीचे कॅमेरे आपल्याकडे वळवले. पण संध्याकाळच्या बातम्यांत वाहिन्यांनी साक्ष दाखवलीच. पुढच्या वर्षी, अलाबामातल्या सेल्मा गावच्या पुलावर मताच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांना मारहाण झाल्यानंतर, त्याच जॉन्सन यांनी ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकार कायद्यावर सही केली.

त्या कायद्याचं बळ दोन तरतुदींत होतं. जिथे भेदभावाचा इतिहास आहे तिथे साक्षरता चाचण्या बंद झाल्या आणि केंद्र सरकार स्वतःचे अधिकारी पाठवून नावं नोंदवू लागलं. शिवाय अशा राज्यांना निवडणुकीचा कोणताही नियम बदलण्याआधी वॉशिंग्टनची परवानगी घ्यावी लागे. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी जेमतेम ७ टक्के होती, ती १९६७ पर्यंत ६० टक्क्यांच्या आसपास गेली. लोक तेच होते, फक्त टेबलामागचा माणूस बदलला होता. पूर्वपरवानगी कोणत्या राज्यांना लागू, हे ठरवणारं सूत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केलं, त्यामुळे ती अट आता चालत नाही. माझ्या मते हा निकाल चुकीचा होता.

प्रश्न : अमेरिकेत बायकांना १९२० मध्ये मत मिळालं ना?

देशभरासाठी, हो. वायोमिंगने ते १८६९ मध्येच दिलं होतं. सुझन अँथनी यांनी १८७२ मध्ये रोचेस्टरला मत दिलं, त्यांना १०० डॉलर दंड झाला आणि तो त्यांनी कधीच भरला नाही. देशभर बायकांना मत देणारी एकोणिसावी घटनादुरुस्ती १८ ऑगस्ट १९२० रोजी टेनेसीत एका मताने तरली. ते मत चोवीस वर्षांच्या हॅरी बर्न यांचं. विरोधकांचं लाल गुलाब कोटाला लावून ते आले होते, पण खिशात आईचं पत्र होतं आणि त्यात बायकांच्या बाजूने मत दे असं लिहिलं होतं. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय बायकांना मात्र या विजयाचा उपयोग हेमरबाईंच्या काळापर्यंत जवळजवळ झालाच नाही.

प्रश्न : माझा मुलगा ग्रीन कार्डवर आहे, कर भरतो. त्याला मत का नाही?

एके काळी मिळालं असतं, पण तो गोरा असता तर. विस्कॉन्सिनने १८४८ मध्ये, नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्या परदेशी गोऱ्या पुरुषांना मत दिलं. वस्ती वाढवू पाहणाऱ्या बऱ्याच राज्यांनी हेच केलं. शेवटी आर्कान्सासने १९२६ मध्ये ते बंद केलं.

आपल्या लोकांचा अडसर त्याच्याही आधीचा. १७९० च्या कायद्याप्रमाणे नागरिकत्व फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसाला मिळे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात असलेले भगतसिंग थिंड सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९२३ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हिंदी माणूस येत नाही. थिंड यांची बाजू मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित. हे नाव आपल्याकडे माहीत असायला हवं. पंडित स्वतः १९१४ मध्ये नागरिक झाले होते. थिंड निकालानंतर सरकारने अनेक हिंदी लोकांचं नागरिकत्व काढायला घेतलं, त्यात त्यांचंही. ते लढले. सरकारने तेव्हा मुदतीत अपील केलं नाही, आता निकाली प्रकरण उकरता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा अपील न्यायालयाने १९२६ मध्ये मान्य केला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला आणि बाकीच्यांवरची कारवाईही थंडावली. सगळ्या हिंदी लोकांसाठी दार उघडलं ते १९४६ मध्ये. १९४९ मध्ये नागरिक झालेले दलीपसिंग सौंद १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून काँग्रेसवर निवडूनही आले.

मुलाला एक मात्र जरूर सांगा. वाहन परवान्याच्या कार्यालयात अर्ज भरताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो. तिथे चुकूनही ‘हो’ करू नये. नागरिक नसताना देशपातळीच्या निवडणुकीत मत देणं १९९६ पासून गुन्हा आहे, आणि नागरिकत्वाच्या अर्जात कधी नाव नोंदवलं होतं का हे विचारतात.

प्रश्न : तुरुंगात गेलेल्याचं मत कायमचं जातं का?

ते राज्यावर आहे. मेन आणि व्हरमाँटमध्ये कैदी तुरुंगातूनही मत देतात. फ्लोरिडात गंभीर गुन्ह्यानंतर मत गेलं की ते परत मिळवणं फार अवघड होतं. २०१८ मध्ये तिथल्या मतदारांनी शिक्षा पूर्ण केलेल्या बहुतेकांना ते परत दिलं, तर विधिमंडळाने पुढच्याच वर्षी दंड आणि न्यायालयाची देणी आधी फेडा, अशी अट घातली. पोल टॅक्सचा इतिहास जाणणाऱ्याला ही अट खटकल्याशिवाय राहत नाही. आमच्याकडे मार्च २०२० पासून पॅरोल किंवा प्रोबेशनवर असलेल्यांना मत आहे. नोंदणी मात्र पुन्हा करावी लागते, आणि अर्ज मतदानाच्या २१ दिवस आधी द्यावा लागतो.